एल्कच्या शिकारीसाठी गोळीचे वजन कसे ठरवावे

कोलोरॅडोतील शिकारसाहित्याच्या दुकानात ‘.३०-०६ची (हे एका रायफलीचे नाव) काडतुसे द्या’ असे म्हटले, की काउंटरमागचा माणूस हमखास विचारतो, ‘किती ग्रेनची?’ ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप. पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे तेथल्या सांबरासारख्या मोठ्या प्राण्याच्या, शिकारीला निघालेला माणूस नेमका येथे अडतो. फळीवर त्याच रायफलीची खोकी १५०, १६५, १८०, २०० अशा आकड्यांनी ओळीने मांडलेली असतात, बहुतेकांवर शिंगे उंचावलेल्या नराचे चित्र असते आणि त्या चित्रावरून काहीच ठरवता येत नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. येथे जे लिहिले आहे, ते अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत राहणाऱ्या, तेथील वन्यजीव खात्याचा रीतसर परवाना घेऊन शिकारीला जाणाऱ्या आणि मारलेल्या जनावराचे मांस वर्षभर घरात खाणाऱ्या मराठी मंडळींना उद्देशून आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. गोळीचे वजन हा या साखळीतला पहिला प्रश्न नाही. जनावर कसे आहे, गोळीची बांधणी कशी आहे, आपल्या हातात कोणती रायफल आहे आणि आपण किती अंतरावरून खात्रीने नेम धरू शकतो, या चार गोष्टी ठरल्या की वजन जवळजवळ आपोआप ठरते. उलट्या क्रमाने गेलेला माणूस मात्र आकड्यांच्या वादात अडकतो.

पहिली पायरी: खोक्यावरचा आकडा वाचणे

काडतुसात चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. खोक्यावर छापलेले ग्रेन हे यांपैकी फक्त गोळीचे वजन असते. अनेक नवख्यांना ते दारूचे वजन वाटते आणि ‘जास्त ग्रेन म्हणजे जास्त जोर’ असा चुकीचा हिशेब ते मनात धरून बसतात. वास्तविक एकाच काडतुसात गोळी जड केली, की ती थोडी सावकाश निघते.

एका पौंडाचे ७००० ग्रेन होतात आणि एका ग्रॅमचे साधारण १५.४. हे आकडे डोक्यात बसत नसतील, तर आपल्याकडे यापेक्षा चांगले माप आहे. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे कायम करण्यात आले, म्हणजे १८० ग्रेनची गोळी ही बरोबर एक तोळ्याची गोळी होय. सराफी हिशेबाने तोळ्याचे बारा मासे, म्हणून मासा पंधरा ग्रेनचा. मग १६५ ग्रेन म्हणजे अकरा मासे आणि १५० ग्रेन म्हणजे दहा मासे. आजचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, तो हा नव्हे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. या मापाने पाहिले, की ज्या १५० आणि १८० ग्रेनवरून शेकोटीभोवती रात्र-रात्र वाद रंगतात, त्यांच्यातले अंतर अवघे दोन मासे, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षाही कमी आहे, हे ध्यानात येते. हा फरक निरर्थक नाही. पण तो किती लहान आहे, हे आधी कळलेले बरे.

खोक्यावर काडतुसाचे नावही असते आणि ते रायफलीच्या नळीवर कोरलेल्या नावाशी अक्षरशः जुळलेच पाहिजे. .३०-०६ आणि .३०८ विंचेस्टर या दोन्हींत ०.३०८ इंच जाडीचीच गोळी असते, तरीही एकीचे काडतूस दुसरीत घालणे जिवावर बेतू शकते. रायफलीत घालण्यापूर्वी काडतुसाच्या बुडावरचे नाव वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

दुसरी पायरी: जनावर ओळखणे

रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला एल्क नर साधारण ३०० ते ३५० किलोंचा भरतो आणि मादी सव्वादोनशेच्या आसपास. सह्याद्रीत सांबर पाहिलेल्या माणसाला मोठ्या सांबराच्या थोडा पुढचा हा प्राणी आहे, असे सांगता येईल. काश्मीरचा हंगुल त्याचा जवळचा नातेवाईक. या प्राण्याचे दुसरे नाव वापिटी. शॉनी या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेतल्या या शब्दाचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा, म्हणजे पांढऱ्या मागच्या भागाचा, असा होतो, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात ॲस्पेनच्या झाडीत खरोखरच सर्वांत आधी दिसतो तो हा पुठ्ठाच.

शिकाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याच्या छातीचे बांधकाम. पुढच्या पायाच्या वर फऱ्याचे जाड हाड आणि त्यावर मांसाचा भरगच्च थर असतो. त्याच्या मागे बरगड्यांच्या आत दोन्ही फुप्फुसे आणि खाली हृदय. बाजूने पाहिले तर हा मर्माचा भाग मोठ्या परातीएवढा, साधारण सव्वा फूट रुंदीचा भरतो. गोळीने करायचे काम एवढेच, की कातडे आणि बरगडी भेदून दोन्ही फुप्फुसांतून आरपार जावे. दोन्ही फुप्फुसे निकामी झाली, की एल्क बहुधा शंभरेक यार्डांच्या आत कोसळतो आणि त्याला फार वेळ यातना होत नाहीत. एकच फुप्फुस लागले, तर तोच प्राणी दोन डोंगर ओलांडून जातो, आणि पुष्कळदा तो कोणालाच सापडत नाही.

एल्क चिवट आहे, असे सगळेच सांगतात, आणि ते खरे आहे. पण या चिवटपणावर दोन मासे जास्त शिसे हा उपाय नव्हे. गोळी आत किती खोल आणि किती सरळ जाते, यावर सारे अवलंबून असते, आणि त्याचे उत्तर वजनाआधी बांधणीत शोधावे लागते.

तिसरी पायरी: गोळीची बांधणी निवडणे

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवखे शिकारी नेमकी हीच पायरी गाळतात आणि माझ्याही हातून ती गळली होती.

शिकारीची गोळी आघातानंतर पुढून उमलते, अळंबीसारखी पसरते आणि त्यामुळे जखम रुंद होते. ती उमललीच नाही, तर पेन्सिलीएवढे छिद्र पाडून निघून जाते. ती फार लवकर आणि फार जास्त उमलली, तर वाटेतच तिच्या चिंध्या होतात आणि ती खोलवर पोचत नाही. बनवणाऱ्यांची सारी कसरत या दोन टोकांच्या मधला मार्ग काढण्याची असते.

सर्वांत जुनी व स्वस्त बांधणी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात ओतलेले शिसे. हरणासारख्या लहान जनावरासाठी ती उत्तम असते. माझ्या दुसऱ्या हंगामात मी अशीच १५० ग्रेनची, हरणांसाठी म्हणून विकली जाणारी काडतुसे घेऊन गेलो होतो. ऑक्टोबरची सकाळ होती, जमिनीवर घोट्याएवढे बर्फ, आणि ऐंशी यार्डांवर एक मादी किंचित माझ्याकडे तोंड करून तिरकी उभी होती. मी चाप ओढला, तिला गोळी लागल्याचा थप्प असा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि तरीही ती कळपाबरोबर चढण चढून दिसेनाशी झाली. बर्फावर रक्त होते, पण दहा-दहा पावलांवर एखादाच थेंब. पाऊण तास तिचा माग काढल्यावर ती पडलेल्या झाडांच्या आड उभी सापडली आणि दुसऱ्या गोळीने ती खाली आली. नंतर कातडे सोलताना कळले, की पहिली गोळी फऱ्याच्या हाडावर आदळून तिथेच फुटली होती. हाडाच्या चुऱ्यात कवचाचे वाटाण्याएवढे तुकडे अडकले होते आणि आत जेमतेम एका फुप्फुसाला जखम झाली होती. गोळी खराब नव्हती. हलक्या जनावरासाठी बनवलेली गोळी मी जड हाडावर मारली होती आणि त्या पाऊण तासाचा त्रास त्या मादीने भोगला. तेव्हापासून खोके हातात घेतले, की मी वजनाच्या आधी बांधणी वाचतो.

एल्कसाठी तीन प्रकारच्या बांधण्या विचारात घ्याव्यात. पहिली, आडव्या भिंतीची. जॉन नॉस्लर यांनी १९४०च्या दशकात कॅनडात मूस या थोराड प्राण्याच्या शिकारीत गोळ्या वरच्या वर फुटताना पाहिल्या आणि गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत ठेवण्याची युक्ती काढली. १९४८पासून ‘पार्टिशन’ या नावाने ती विकली जात आहे. तिचा पुढचा अर्धा भाग उमलतो आणि पुष्कळसा झिजून जातो, पण भिंतीमागचा अर्धा भाग तसाच पुढे घुसत राहतो. दुसरी बांधणी सांधलेल्या गोळीची, म्हणजे जिच्यात शिसे आणि कवच एकमेकांना घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे हाडावर आदळूनही ते सहसा वेगळे होत नाहीत. तिसरी, संपूर्ण तांब्याची. तिचे तोंड पाकळ्यांसारखे उघडते आणि तिचे जवळजवळ सगळे वजन शेवटपर्यंत टिकते.

तांब्याच्या गोळीबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि ती वजन गमावत नसल्याने तेवढ्या वजनाची गरजही नसते. म्हणून तांबे घेणाऱ्याने शिशाच्या गोळीपेक्षा एक मासाभर खाली उतरावे: १८०च्या जागी १६५, १६५च्या जागी १५०. दुसरे असे, की ती उमलण्यासाठी आघाताच्या वेळी पुरेसा वेग लागतो. हा किमान वेग किती, हे बहुतेक उत्पादक जाहीर करतात आणि विकत घेण्यापूर्वी ते वाचले पाहिजे.

घरात लहान मुले असतील, तर मी स्वतः तांब्याकडे झुकतो. शिशाची गोळी उमलताना तिचे बारीक कण जखमेच्या भोवतालच्या मांसात पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. शिशाची गोळी वापरली असेल, तर जखमेच्या चारी बाजूंचे मांस हात आखडता न घेता कापून टाकावे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी वापरण्यास सर्वत्र बंदी आहे, त्यामुळे तेथील वाचकांपुढे तांब्याखेरीज पर्याय जवळजवळ नाहीच.

चौथी पायरी: आपल्या रायफलीनुसार वजन

सारख्याच जोराने रेटले, तर दाभण खोल जाते आणि जाड खिळा वरच राहतो. गोळीचेही तसेच आहे. जाडीच्या मानाने ती किती जड आहे, यावर तिची खोली बरीच अवलंबून असते. हे मोजण्यासाठी गोळीचे पौंडातले वजन तिच्या इंचातल्या जाडीच्या वर्गाने भागतात; त्या आकड्याला छेद-घनता म्हणू. ०.३०८ इंच जाडीच्या १५० ग्रेन गोळीची छेद-घनता ०.२२६ येते, १६५ची ०.२४८ आणि १८०ची ०.२७१. एल्कसाठी ०.२५च्या आसपास किंवा त्याहून जास्त आकडा असावा, असा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तो शिशाच्या गोळ्यांच्या काळातला आहे आणि तांब्याला तसाच लागू होत नाही, पण नवख्याला दिशा दाखवायला तो पुरेसा आहे.

या ठोकताळ्याने प्रत्येक रायफलीचे उत्तर निघते. .३०-०६, जी १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी आली आणि अजूनही एल्कच्या डोंगरात सर्वत्र दिसते, तिच्यात १८० ग्रेन हे वर्षानुवर्षे रुळलेले वजन आहे, आणि चांगल्या बांधणीची १६५ ग्रेनची गोळीही तितक्याच निर्धास्तपणे वापरावी. .३०८ विंचेस्टरमध्ये दारूला जागा थोडी कमी असल्याने १८० ग्रेनची गोळी जरा मंदावते. तेथे मी १६५ सुचवेन. .३०० विंचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचे, जोरकस काडतूस) १८० किंवा २०० ग्रेनची गोळी सहज पेलते, आणि तिच्यात मऊ बांधणीची हलकी गोळी मात्र मुळीच घालू नये, कारण जवळच्या अंतरावर तिच्या प्रचंड वेगामुळे अशी गोळी फुटून जाण्याची भीती सर्वांत जास्त असते.

.२७० विंचेस्टरवरून पूर्वीपासून दोन तट आहेत. जॅक ओकॉनर या लेखकाने आयुष्यभर तिची बाजू घेतली, तर एल्मर कीथ हे दुसरे लेखक जाड आणि जड गोळीशिवाय एल्कवर बार काढू नये, असे ठासून सांगत राहिले. मला ओकॉनर यांचे म्हणणे जास्त पटते, पण एका अटीवर: शिशाची गोळी असेल तर १५० ग्रेनची घ्यावी, जिची छेद-घनता ०.२७९ आहे, १३० ग्रेन घ्यायचीच तर ती तांब्याची किंवा सांधलेली असावी. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमसाठी १६० ग्रेन हे वजन मी डोळे मिटून सुचवेन. ६.५ क्रीडमूर ही अलीकडे, २००७नंतर, फार लोकप्रिय झालेली सौम्य रायफल आहे. तिच्यात १४० ग्रेनच्या आसपासची दणकट गोळी घ्यावी आणि अंतर आवरते ठेवावे. .३३८ विंचेस्टर मॅग्नमवाल्यांना २१० ते २२५ ग्रेन पुरेसे आहेत, आणि त्या रायफलीचा दणका पाहता ती नवख्याने पहिल्याच हंगामात घेऊ नये.

.२४३ विंचेस्टरने एल्क पडतात, कायद्यानेही चालते. तरी ज्याला जनावराची तिरकी उभी राहण्याची पद्धत अजून ओळखता येत नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

पाचवी पायरी: अंतराचा प्रामाणिक हिशेब

जड गोळी लवकर खाली पडते, म्हणून हलकी घ्यावी, असा सल्ला नेहमी मिळतो. आकडे पाहू. .३०-०६मधून १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २९०० फूट वेगाने निघते आणि १८० ग्रेनची सुमारे २७०० फुटांनी. रायफलीचा नेम दोनशे यार्डांवर बांधलेला असला, तर तीनशे यार्डांवर दोन्ही आठ-नऊ इंच खाली येतात आणि त्यांच्यातला फरक इंच-दीड इंचाच्या आतच राहतो. सव्वा फुटाच्या परातीवर हा फरक दिसणारही नाही. उलट हलकी गोळी हवेत वेग लवकर गमावते. निघताना दोघींमध्ये असलेला दोनशे फुटांचा फरक तीनशे यार्डांवर निम्म्याच्या आसपास येतो, आणि वाऱ्याने ढळण्याच्या बाबतीत जड गोळीच सरस ठरते.

ऊर्जेबाबतही एक जुना ठोकताळा आहे: एल्कवर आदळताना गोळीत १५०० फूट-पौंड तरी शिल्लक असावेत. १८० ग्रेनची .३०-०६ निघताना सुमारे २९०० फूट-पौंडांची असते आणि तीनशे यार्डांवरही साधारण १७०० ते १८०० राखून असते. ६.५ क्रीडमूर तीनशेच्या आसपास या रेषेवर येते, म्हणूनच वर मी अंतर आवरण्यास सांगितले. हा आकडा म्हणजे काही देववाणी नव्हे. आखूड पल्ल्यावर योग्य जागी लागलेल्या सौम्य गोळीने एल्क शांतपणे पडतो आणि पोटात लागलेल्या मॅग्नमने पडत नाही.

डोंगरात एक गोष्ट आपल्या बाजूने असते. एल्क आठ ते अकरा हजार फुटांवर असतात, तेथे हवा विरळ असल्याने गोळीला अडथळा कमी होतो आणि ती थोडी सपाट जाते. पण प्रवासात खोक्यांखाली दबून किंवा गाडीच्या हादऱ्यांनी रायफलीवरची दुर्बीण हलू शकते, म्हणून तळावर पोचल्यावर सुरक्षित जागी दोन-तीन बार काढून नेम तपासल्याशिवाय पहाटे निघू नये.

सहावी पायरी: खांद्याला आणि नळीला विचारणे

जड गोळी आणि मोठे काडतूस खांद्याला जास्त दणका देतात. आठ पौंडांच्या .३०-०६मध्ये १८० ग्रेनचा दणका बहुतेकांना सोसतो; .३०० मॅग्नमचा त्याच्या सव्वा-दीडपट असतो. दणक्याची धास्ती बसली, की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा मागे जातो आणि नेम ढळतो. हे स्वतःला कळतही नाही. तपासण्याची साधी रीत अशी: नेमबाजीच्या मैदानावर, तेथील नियम पाळून, मित्राला आपल्या नकळत रायफल कधी भरलेली तर कधी रिकामी द्यायला सांगावे. रिकाम्या रायफलीचा चाप ओढताना नळीचे टोक खाली डचकले, तर गोळी हलकी करावी किंवा रायफल बदलावी. १६५ ग्रेनने बशीएवढ्या जागेत पाच गोळ्या बसवणारा माणूस, १८० ग्रेनने परातभर पसरवणाऱ्या माणसापेक्षा चांगला एल्क-शिकारी आहे.

नळीचीही आवड असते. नळीच्या आत पिळाचे आटे असतात आणि गोळी त्यांच्यामुळे फिरत बाहेर पडते. लांब गोळीला जास्त पीळ लागतो. .३०-०६मध्ये बहुधा दहा इंचांत एक फेरा असतो आणि तो १५० ते २०० ग्रेनपर्यंत सर्वांना पुरतो. काही .३०८मध्ये बारा इंचांत एक फेरा असतो, त्यांत फार लांब तांब्याच्या गोळ्या घेताना उत्पादकाची सूचना पाहावी. याउपर प्रत्येक रायफल एखाद्या गोळीशी जास्त जमवून घेते. म्हणून एल्कयोग्य बांधणीची दोन-तीन वेगवेगळी खोकी आणावीत, शंभर यार्डांवर टेकू घेऊन प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्यांचे दोन गट काढावेत, आणि मधे नळी थंड होऊ द्यावी. ज्या खोक्याच्या गोळ्या दीड इंचाच्या आत एकत्र पडतील, ते आपले. मग त्याच खोक्याची आणखी चार खोकी त्याच दिवशी घेऊन ठेवावीत, कारण सप्टेंबर संपता-संपता फळ्या रिकाम्या झालेल्या असतात. यानंतरचा सराव टेकूवर नव्हे, तर बसून, गुडघा टेकून आणि काठीच्या आधाराने करावा; डोंगरात टेबल नसते.

सातवी पायरी: कायद्याची खातरजमा

प्रत्येक राज्याचे नियम निराळे असतात आणि ते दरवर्षीच्या पुस्तिकेत छापलेले असतात. कोलोरॅडोत एल्कसाठी रायफल किमान .२४ जाडीची, गोळी उमलणारी आणि किमान ८५ ग्रेनची असावी लागते, आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १००० फूट-पौंड ऊर्जा असावी लागते. वर सांगितलेली सर्व वजने या रेषेच्या बरीच वर आहेत. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. रायफलीच्या हंगामात अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे.

मराठी वाचकांसाठी आणखी एक महत्त्वाची बाब. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच नव्हे, तर काडतुसे बाळगण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून आधी प्रशिक्षण, मग परवाना आणि त्यानंतरच दुकान, हा क्रम कधीही उलटा करू नये. आपल्या व्हिसाबद्दल थोडीही शंका असेल, तर वकिलाला विचारूनच पुढे जावे.

आठवी पायरी: डोंगरात आणि त्यानंतर

जनावर पूर्ण आडवे उभे राहीपर्यंत थांबावे. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जावे आणि छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरावा. तेथे फऱ्याचे मोठे हाड टळते, मांस वाया जात नाही आणि दोन्ही फुप्फुसे लागतात. जनावर तिरके, तुमच्याकडे पाठ करून उभे असेल, तर गोळीला दुप्पट खोल जावे लागते. जड आणि दणकट गोळीचा खरा उपयोग येथे होतो, पण पहिल्या हंगामात अशी संधी सोडून देण्यात काहीच कमीपणा नाही. बार काढल्यावर रायफल लगेच पुन्हा भरावी आणि एल्क उभा असेल तोवर दुसरी गोळी मारण्यास तयार राहावे. दिसेनासा झाला, तर जागा नीट ध्यानात ठेवून अर्धा तास बसावे आणि मगच माग काढावा.

जनावर सापडल्यावर, चार फरे वेगळे करताना, पलीकडच्या बाजूचे कातडे आतून हाताने चाचपून पाहावे. आरपार न गेलेली गोळी पुष्कळदा तेथे, लवचीक कातड्याखाली, अडकलेली सापडते. ती धुऊन घरी न्यावी आणि दागिने तोलण्याच्या छोट्या काट्यावर तिचे वजन करावे. एक तोळ्याची निघालेली आडव्या भिंतीची गोळी आठ माशांच्या आसपास भरली, तर तिने आपले काम चोख केले. सांधलेली गोळी त्याहून बरीच जड निघाली पाहिजे आणि तांब्याची तर जवळजवळ पूर्ण. पाच-सहा माशांपर्यंत घसरली असेल, तर अंतर किती होते, हाड लागले का, जनावर कसे उभे होते, हे सारे त्या गोळीबरोबर कागदावर लिहून ठेवावे आणि पुढच्या वर्षी दुकानात गेल्यावर वजन तेच मागून बांधणी बदलून मागावी.